पाठमोऱ्या बाई

"बोला की. निदान नाव तरी सांगा," असं म्हणत शाकीर सर गुडघ्यांवर हात टेकून फरहीनसमोर वाकले आणि अख्खा हॉल हसला.

फरहीन बोलली नाही. तिनं बोलायचंच नव्हतं. तिला आलेल्या चिठ्ठीत तसं स्वच्छ लिहिलेलं होतं, 'न बोलणारा विद्यार्थी'. हिंगोलीत नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण चाललेलं, त्यातला हा भूमिकाभिनयाचा तास. म्हणजे काय, तर चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी लेकरं व्हायचं, एकानं मास्तर व्हायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं. कुणी खोडकर पोरगं झालं होतं, कुणी दुसऱ्याचा डबा खाणारं. एक दाढीवाले सर रडकी मुलगी झाले होते आणि ते काम त्यांनी इतकं मनापासून केलं की त्यांना टाळ्या पडल्या. फरहीनच्या वाट्याला हे आलं. चिठ्ठी उघडताक्षणी तिच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच.

कारण न बोलणारा विद्यार्थी तिला चिठ्ठीतून काढायची गरज नव्हती. तो तिच्या वर्गात जूनपासून बसलेला होता.

कनेरगाव नाक्यावरून आत वळलं की एक गाव लागतं आणि गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा. दोन्हींच्या मधोमध जिल्हा परिषदेची शाळा. शिक्षक दोनच. तिसरी-चौथी मुख्याध्यापक संतराम सरांकडे, पहिली-दुसरी फरहीनकडे. जवळा बाजारच्या जहांगीर मिस्त्रींची ही लेक. घरात सरकारी नोकरी लागलेली पहिलीच. तीही शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे काम पक्क्या मास्तराचं आणि नेमणूक कच्ची. पण पोरगी कष्टाला मागे हटणारी नव्हती. तर तिच्या दुसरीच्या वर्गात, सगळ्यात मागे, भिंतीला खेटून सखू बसायची.

कागदावर ती सखू नव्हती, सखुबाई होती. सखुबाई खेमा आडे. आजी वारली आणि लगेच ही जन्मली, म्हणून आजीचं नाव 'बाई'सकट हिच्या गळ्यात पडलं. हजेरीला ते नाव निघालं की पोरं खुदखुदायची आणि सखू नुसती वर बघायची. बस्स. 'हजर' नाही, 'हो' नाही, मानसुद्धा हलवायची नाही. पहिलीचं सबंध वर्ष असंच गेलं होतं म्हणे. मुकी नव्हती, बहिरी नव्हती. पाटीवर लिहायची, बेरजा करायची, वाटून दिलेली खिचडी संपवायची. आणि तिची आई रूपाबाई तर सांगायची की घरी हिच्या तोंडाला विसावा म्हणून नाही, दिवसभर गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, टकळी चालू. म्हणजे आडात भरपूर होतं, पोहऱ्यात येत नव्हतं.

फरहीनला हे फार लागायचं. तिच्या स्वतःच्या घरी दखनी, आणि शिकली ती मराठी शाळेत. घरची बोली चपलेसारखी उंबऱ्याबाहेर काढून वर्गात जायचं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. हे लेकरू आपल्या वर्गात बोललं नाही तर आपण कसल्या बाई, असं तिनं मनाशी धरलं. आणि एकदा धरलं की तिला ते सोडता यायचं नाही, हा तिचा स्वभावच.

बरं, उपाय सांगणाऱ्यांना काय तोटा! नव्या शिक्षकांची प्रशिक्षणं म्हणजे श्रावणातल्या उपासांसारखी, एक सरलं की दुसरं हजर. दर वेळी वर्ग संतराम सरांच्या गळ्यात टाकून जायचं, आणि परत यावं तर पोरं बाराखडी विसरलेली. तरी दर वेळी फरहीन नवं तंत्र घेऊन उत्साहानं परतायची. आधी टाळ्या आणल्या. जो बोलेल त्याला सगळ्या वर्गानं तालात शाबास टाळी द्यायची. सखूला टाळी मिळेचना, कारण टाळीसाठी आधी बोलावं लागतं. मग बोलका चेंडू आला. चेंडू ज्याच्या हातात पडेल त्यानं काहीतरी सांगायचं. सखूनं तो अलगद खाली ठेवला आणि फ्रॉकची कड तोंडात धरली. पोरांना आयताच खेळ सापडला. सगळे चेंडू तिच्याच अंगावर टाकायला लागले. मग भिंतीवर तक्ता लागला, जो बोलेल त्याच्या नावापुढं चांदणी. सगळ्यांच्या नावांपुढं चांदण्यांची गर्दी झाली आणि एकाच नावापुढचा कागद कोरा राहिला. एका दुपारी फरहीननं स्वतःच्या हातानं तो तक्ता फाडला आणि मग पोरं घाबरली म्हणून स्वतःवरच चिडली.

शेवटी तिनं एका प्रशिक्षणात उभं राहून विचारलं, की असं असं लेकरू आहे, काय करू? उत्तर आलं की संयम ठेवा आणि बालस्नेही वातावरण निर्माण करा. आता वातावरण काय जवळ्याच्या बाजारात किलोवर मिळतं?

त्यात विजयकुमार सर. हे त्या भागाचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, आणि प्रशिक्षणात शिकवणारेही तेच. माणूस वाईट नव्हता. उत्साही होता, आणि उत्साही साहेबाएवढा ताप दुसरा नाही. त्यांनी 'बोलका वर्ग' नावाची मोहीम काढली होती. वर्गातलं प्रत्येक लेकरू बोलतंय असा व्हिडिओ मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचा, मग तो वर्ग बोलका झाला. एकेक करत केंद्रातले सगळे वर्ग बोलके झाले. फरहीनचा राहिला. एका लेकरापायी राहिला. दर सोमवारी ग्रुपवर आठवण यायची, तीही हात जोडलेल्या चित्रासकट, आणि फरहीनचा सोमवार नासायचा.

तर अशी ही फरहीन हॉलमध्ये स्टुलावर लेकरू होऊन बसली होती आणि शाकीर सर तिला बोलतं करत होते. शाकीर तिच्याच तुकडीचा, कळमनुरीकडचा, अंगचाच विनोदी. त्यानं गाणं म्हटलं. टाळी वाजवली. खिशातून चॉकलेट काढलं. फरहीन आधी नुसत्या वैतागानं गप्प होती. म्हटलं, घ्या, तुमचं तंत्र चालवून दाखवा माझ्यावर. पण मग काहीतरी वेगळंच व्हायला लागलं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. ती आता बोलेल, मग बोलेल, म्हणून माणसं पुढं वाकून बघत होती. नाव सांगायचं म्हटलं तरी आता घशातून निघेना, आणि हे नाटक आहे, आपण शिकलेली बाई आहोत, हे मनाला कितीही बजावलं तरी घसा काही ऐकेना.

तेवढ्यात शाकीर फळ्याकडे वळला. चित्र काढून दाखवतो म्हणाला. त्यानं काढलेली शेळी कुत्र्यासारखी झाली, हॉल तिकडे बघून हसायला लागला आणि क्षणभर फरहीनकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या क्षणी तिचं नाव आपोआप तिच्या ओठांवर आलं. शाकीर वळला आणि नाव पुन्हा आत गेलं.

चहाची सुट्टी झाली. विजयकुमार सरांनी तिचा अभिनय एकदम नैसर्गिक होता असं सांगितलं. तिनं चहा घेतला, पण तो गोड होता की अगोड, हे काही तिला सांगता आलं नसतं. तिला कधी एकदा शाळेत जाते असं झालं होतं.

परतल्यावर पहिल्याच दिवशी तिनं वर्गाकडे पाठ केली, तोंड फळ्याकडे केलं आणि तशीच हजेरी घ्यायला लागली. पोरांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. संतराम सर दारातून डोकावले आणि तब्येत बराबर हाय ना म्हणून विचारून गेले. तिनं मधल्या सुट्टीत त्यांना सगळं सांगितलं. सर निवृत्तीला आलेले. त्यांनी आजवर इतकी तंत्रं येताना आणि जाताना पाहिली होती की त्यांना कशाचंच नवल नव्हतं. करून पाहा म्हणाले, फळा काही पळून जात न्हाई.

फळा नाही पळाला, पोरं पळाली. पहिली-दुसरीच्या वर्गाला पाठ दाखवायची म्हणजे खायचं काम आहे? फरहीन वळून बघते तर दोघं मैदानात आणि एक टेबलाखाली. कुणी तिच्या मागे तोंड वेंगाडायचं आणि बाकीचे खिदळायचे. दोन-चार दिवसांत तिचा जीव मेटाकुटीला आला. पण सोडेल ती फरहीन कसली. तिनं पाठ तशीच ठेवली आणि हाताला काम दिलं. म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. जो सांगेल त्याचं वाक्य फळ्यावर. पोरांना ते भलतंच आवडलं. आपलं बोलणं खडूनं लिहिलं जातंय म्हटल्यावर मैदान सुनं पडलं. एकाचा बैल फळ्यावर आला, एकीची मावशी आली, आणि वाक्य ज्याचं त्यानं ते वाचायचं असं ठरलं तेव्हा, वाचता न येणारीसुद्धा वाचायला लागली. फरहीनलाच आश्चर्य वाटलं. हे काही तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोरं आवरायची म्हणून सुचलं होतं.

सोयाबीन निघालं, दिवाळीची सुट्टी झाली, शाळा पुन्हा भरली. एका सकाळी पाठमोरी हजेरी चालली होती. सखुबाई खेमा आडे, असं नेहमीसारखं म्हणून फरहीन नेहमीसारखी थोडं थांबली. आणि मागून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"आयी छूं."

आलेय मी. गोरमाटीत. फरहीनच्या हातातला खडू फळ्यावर टेकलेला तसाच राहिला. मान वळायला बघत होती, तिनं ती वळू दिली नाही. त्याच आवाजात पुढचं नाव घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वाहू दिलं. फळ्याशिवाय तिथं बघणारं कोण होतं? शाबास तिची. त्या दिवशी तिनं जे केलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

मग रोज एकेक शब्द यायला लागला. मग वाक्य. कुत्रा चपला नेतो. याडी भाकर थापते. याडी म्हणजे आई हे गावातल्या पोरांना तेव्हा कळलं आणि पोरंही आपापल्या आयांना याडी म्हणून चिडवायला लागली. सखू बोलायची ती फरहीनच्या पाठीशी. फरहीन वळली की फ्रॉकची कड तोंडात. पण त्याचं आता काही वाटत नव्हतं. एक दिवस रूपाबाई सरपणाची मोळी कुंपणाला टेकवून शाळेच्या दारात आली. बाईला बघून हसली आणि म्हणाली, "पोरगी घरी सांगती, बाईच्या पाठीला डोळे न्हाईत, म्हणून म्या बोलते."

फरहीन त्या दिवशी नाक्यापर्यंत चालत गेली. गाडी मिळत होती तरी चालत गेली. माणूस खूश असलं की असं करतं.

आता इथंच थांबावं की नाही? पण आनंद पोटात राहीना. किती दिवस दाबणार? तिनं संतराम सरांना सांगितलं. सरांनाही खरंच बरं वाटलं आणि त्यांनी तिच्यासमोरच फोन काढून विजयकुमार सरांना सांगितलं. विजयकुमार सर काय, वाटच बघत होते. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमतात आणि त्यातला एक जण सगळ्यांसमोर वर्ग घेऊन दाखवतो. त्याला नमुना पाठ म्हणतात. साहेबांनी जाहीर करून टाकलं, पुढचा नमुना पाठ फरहीन मॅडमचा, त्यांच्याच शाळेत.

तिनं नाही म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण इतके सोमवार तो हात जोडलेला आठवणीचा मेसेज तिनं गिळला होता. त्याच साहेबांनी मागे बसून सखूचा आवाज ऐकावा, असं तिला वाटलं. वाटलं तर वाटलं, ती काय संत होती? तिनं अटी घातल्या. मोबाइल काढायचे नाहीत, टाळ्या वाजवायच्या नाहीत, कुणी मध्ये बोलायचं नाही. साहेब म्हणाले, अगदी, अगदी.

त्या दिवशी शाळेपुढं रांगोळी पडली. संतराम सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिचडीच्या चुलीवर शिरा शिजला. पाहुण्यांना नारळ आणि फूल झालं. आणि मग खुर्च्या वर्गात आल्या तेव्हा फरहीनच्या लक्षात आलं, नमुना पाठाला बघणारे कायम मागच्या भिंतीशी बसतात. लेकरांच्या पाठीमागं. पाठमोऱ्या बाईंपुढं लेकरं निवांत असतील, पण लेकरांच्याच पाठीला आता डोळेच डोळे. सखू तर भिंतीलाच खेटून बसणारी. तिला एक रांग पुढं सरकावून तिच्या जागेवर विजयकुमार सरांची खुर्ची ठेवली गेली. खुर्च्या पुढं बाजूला घेता येतील का, असं फरहीननं विचारलं. साहेब हसून म्हणाले की नमुना पाठात असंच बसतात, मॅडम, तुम्ही काळजी करू नका. अजूनही मोडता आलं असतं. पण नारळ झाले होते, शिरा झाला होता, आणि सगळी केंद्रातली माणसं रुमालानं घाम पुसत बसली होती.

तिनं पाठ केली आणि हजेरी सुरू केली. सखूचं नाव आलं. काहीच आलं नाही. फरहीननं पुढचं नाव घेतलं. तिला उलट सुटल्यासारखं झालं. नाही बोलली तर नाही, पाठ संपेल आणि ही माणसं जातील. मग वाक्यं सुरू झाली. एकाच्या घरी नवा पंखा आला होता. एकीचा भाऊ पडला होता. खडू चालला होता. आणि मग, कुणी विचारलं नसताना, मागून तो आवाज आला. आमच्या शेळीला पिलं झाली.

फरहीननं लिहिलं, शेळीला पिलं झाली. आवाज म्हणाला, एक काळं, एक पांढरं. तिनं लिहिलं. आवाज म्हणाला, काळं भावाचं, बापूचं. तेही लिहिलं. आवाज आता बारीक राहिला नव्हता. मागच्या खुर्च्या विसरून, शाळा विसरून, गोठ्यात उभं राहिल्यासारखा तो मोकळा झाला होता.

"अन् पांढरं माझं," सखू म्हणाली.

आणि फरहीन खळखळून हसली आणि वळली.

बस्स, एवढंच. तिच्या मनात त्या क्षणी साहेब नव्हते, मोहीम नव्हती, काही नव्हतं. आपलं पांढरं पिलू सांगणारं लेकरू बघायला कोण वळणार नाही? देवानं माणसाची मान काय उगाच केली आहे? पण वळली. सखूचा चेहरा अजून पिलाच्या आनंदात होता, तो फरहीननं पाहिला. एवढ्या महिन्यांत बोलत असलेली सखू तिनं पहिल्यांदा पाहिली. आणि बाई बघतायत हे सखूनं पाहिलं. तोंड मिटलं.

मग मागून टाळ्या फुटल्या. शाबास टाळी, तालात, मोठ्या माणसांच्या जाड हातांची. कुठं होते ते मोबाइल सगळे बाहेर आले. विजयकुमार सर खुर्चीवरून उठून सखूपुढं उकिडवे बसले. बेटा, पुन्हा एकदा म्हण, पांढरं कुणाचं, इकडं बघून म्हण, व्हिडिओत आलं नाही. सखूच्या तोंडात फ्रॉकची कड गेली होती. कुणी म्हणालं लाजू नको. कुणी शिऱ्याची लालूच दाखवली. फरहीन म्हणाली, सर, राहू द्या. तिला वाटलं आपण ओरडलो, पण ते कुणाला ऐकूच गेलं नव्हतं. फळ्यावर 'पांढरं मा' एवढंच लिहून झालं होतं. फोटो चांगला यावा म्हणून साहेबांनी खडू घेऊन स्वतःच्या वळणदार अक्षरात ते पुरं केलं.

सखू दुसऱ्या दिवशी आली. रोज येत राहिली. पण आता पाठीशीही बोलत नव्हती. फरहीन फळ्याकडे तोंड करून नाव घ्यायची, थांबायची, जास्त थांबायची, आणि मागे पोरांची चुळबुळ सुरू व्हायची. एकदा तर तिनं फळ्याशीच हलक्या आवाजात पिलू कसं आहे म्हणून विचारलं. फळ्यानं काय उत्तर द्यावं? तांड्यावर जाऊन रूपाबाईला भेटली. रूपाबाईनं पाट दिला, चहा दिला, तक्रारीचा एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, की शाळेचं इचारलं तर पोरगी उठून जाती.

फरहीनच्या मनात राग मावेना. मधल्या सुट्टीत एकदा ती संतराम सरांसमोर फुटलीच. साहेबांना काही समज नाही, मोबाइल काढू नका म्हटलं तरी काढले, टाळ्या पिटल्या, लेकराचं वाटोळं केलं, असं ती भडाभडा बोलली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते कधी कुणाला लागेल असं बोलणारे नव्हते. डब्याचं झाकण लावत ते म्हणाले,

"टाळ्या नंतर वाजल्या, मॅडम."

ते तिलाही ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर इतकी ओरडत होती.

त्यानंतर तिनं पाठ करणं सोडलं. लिहायची वाक्यं पोरांना आता ती समोर बसून विचारते. हजेरी खुर्चीवर बसून घेते, आणि आडे हे नाव आलं की काही न म्हणता खूण करून पुढं जाते. सुरुवातीला पोरं ओरडायची, बाई, सखुबाई राहिली. ती म्हणायची, आलीय ती, मला ठाऊक आहे. आता पोरं ओरडत नाहीत.

पण तिनं सोडलं तरी गाजायचं ते गाजलंच. 'पाठमोरी हजेरी' हे नाव विजयकुमार सरांनी दिलं आणि ग्रुपवर टाकलं. ग्रुपवरून ते दुसऱ्या तालुक्यांत गेलं. शाळाशाळांतून फोटो यायला लागले. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या, मान मात्र वळवून कॅमेऱ्याकडे, आणि मागे लेकरंही कॅमेऱ्याकडे बघतायत. फरहीननं ते फोटो पाहिले आणि मोबाइल उपडा ठेवला. हसावं की रडावं, ह्यातलं काहीच तिला जमलं नाही.

आणि मग बोलावणं आलं. वारंगा फाट्याच्या एका शाळेत नव्या शिक्षकांची पुढची तुकडी बसणार, तिथं फरहीन मॅडमनी मार्गदर्शन करायचं. ती नको म्हणाली, साहेब म्हणाले तुमचं नाव वरती कळवलंय. गेली. फाट्यावर ट्रकांचे भोंगे वाजत होते, हॉलमध्ये पंखे गरगरत होते, आणि समोर सगळी कोवळी मंडळी नव्या वह्या उघडून बसलेली. विजयकुमार सरांनी अबोल मुलीच्या पहिल्या वाक्याची गोष्ट रंगवून सांगितली आणि माईक तिच्या हातात दिला. फरहीननं जे झालं ते सांगितलं, नमुना पाठाच्या दिवसापर्यंत सांगितलं आणि थांबली. पुढचं तिच्यानं सांगवेना.

पहिल्या रांगेतली एक पोरसवदा बाई उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जागरण होतं, आणि तिच्या वर्गातही असं एखादं लेकरू असावं, हे फरहीनला बघताच कळलं.

"मॅडम, मग ती मुलगी आता किती बोलती?"

"बोलत न्हाई," फरहीन म्हणाली.

त्या बाईनं विचारलं, काहून न्हाई? फरहीन म्हणाली, "मी वळून पाहिलं."

विजयकुमार सर मोठ्यांदा हसले आणि हा मॅडमचा विनय आहे म्हणाले. पण ती बाई खाली बसेना. मग आता तुम्ही तिच्यासाठी काय करता, असं तिनं विचारलं, आणि ते परीक्षा घेतल्यासारखं नव्हतं. तिला खरंच हवं होतं. फरहीननं तिच्याकडे पाहिलं आणि सांगितलं की हजेरीत तिचं नाव पुकारत न्हाई. ती आलेली असते. रोज आलेली असते. तिला ते दररोज सिद्ध करायला लावत न्हाई, एवढंच.

सगळ्या माना खाली गेल्या, पेनं चालायला लागली. मागून कुणीतरी हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, ह्या तंत्राला काय म्हणायचं?"

"ह्याला काही म्हणत न्हाईत," फरहीन म्हणाली आणि तिनं माईक टेबलावर ठेवला.